विजयाबाईंना तो खेळ कोणी शिकवला

विजयाबाई वारल्याची बातमी आणि त्यांच्या शोकसभेचं आमंत्रण, दोन्ही मला एकाच माणसानं एका दमात दिलं. मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली होती, ती परतत होते. शाळेच्या पालक-शिक्षक संघाचा हल्लीचा सचिव स्कूटरवरून न उतरताच म्हणाला, "मावशे, आपल्या विजयाबाई गेल्या गो. पेडण्याक. बारा दिवस झाले." आणि मी हात पुसायच्या आधीच पुढे म्हणाला, "आयतवारी शाळेत कार्यक्रम ठेवलाय. पणजीहून ट्रेनिंगवालो येतलो. तूय दोन शब्द बोल. चा नि सामोसे आसत." मेलेल्या माणसाच्या नावाला लागून सामोसे...  राहिलेली सोलं परतली आणि ओट्यावर जाऊन बसले. रडू आलं नाही. मला ते येत नाही, आणि ज्यांना पटकन येतं त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

त्यानंतर पेपरच्या या पुरवणीत बाईंवर कोणीतरी लेख लिहिला. हसतमुख, मुलांत मूल होणाऱ्या, आनंददायी शिक्षणाच्या प्रणेत्या. प्रणेत्या म्हणजे काय ते मला नातीला विचारावं लागलं, कारण मी चौथी पास आहे. वाचून शिसारी आली. विजयाबाई हसतमुख नव्हत्या. त्यांचं तोंड सकाळी कडू असायचं आणि दुपारी आंबट. चपला फरफटत चालायच्या, अंबाड्यात खडूचा तुकडा खोचायच्या आणि मग तोच खडू दिवसभर शोधायच्या. मधल्या सुट्टीत माझ्या स्टुलावर बसून कोऱ्या चहात उंडा पाव बुडवून खायच्या आणि मला म्हणायच्या, "शेवंती, तू कोपऱ्यातला केर सोडतेस. मला काय डोळे नाहीत?" मुलांत मूल होणं तर त्यांना मुळीच जमत नव्हतं. त्या मुलांत मोठं माणूस होऊन राहायच्या, आणि मुलांना तेच हवं असतं. म्हणून मी हे लिहिते आहे. शुद्धलेखन नातीनं तपासलं, मजकूर तपासलेला नाही.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेत मी बावीस वर्षं होते. शिकवायला नव्हे. झाडायला, पाणी भरायला, घंटा मारायला. सरकारची नव्हे, पालक-शिक्षक संघानं ठेवलेली. संघाचे अध्यक्ष आमचे भाटकार, म्हणजे जमीनदार. माझं घर उभं आहे ती जमीनही त्यांचीच, म्हणजे मी त्यांची मुंडकार. कायदा मुंडकाराच्या बाजूचा आहे असं लोक सांगतात. असेल. कायदा डिचोलीला कचेरीत राहतो आणि भाटकार माझ्या दारासमोर राहतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला भोळी समजणार नाही.

बाई मूळच्या फोंड्याकडच्या. आमच्याकडे येण्याआधी लाटंबार्स्याच्या बाजूला होत्या. त्या आल्या त्याच सुमारास गावाबाहेर कारखाने वाढले आणि कोल्हापूर-बेळगावकडची माणसं कामाला आली. भाटकारांनी माळावर पत्र्याच्या खोल्या बांधून त्यांना भाड्यानं दिल्या. त्यांची मुलं शाळेत येऊ लागली. आमच्या गावात नवीन माणसाला पहिला प्रश्न एकच, "तू कोणाचो रे?" मुलीला "तू कोणाचा चेडू गो?" उत्तरात बापाचं नाव आलं की वाडा, म्हणजे गावातली वस्ती, कळतो, वाडा कळला की जात कळते, आणि मग त्याच्याशी कसं बोलायचं, त्याला पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचं, सगळं ठरतं. शाळेतही हेच चाले. जून महिन्यात पहिल्या दिवशी एकेक मूल उभं राहायचं, नाव, बापाचं नाव, वाडा सांगायचं आणि बसायचं. पत्र्याच्या खोल्यांतल्या मुलांना वाडाच नव्हता. ती उभी राहायची आणि तशीच राहायची. बाकीची हसायची. मागच्या बाकावर झाडू घेऊन मी पण हसले आहे.

त्या वर्षी दुसरीत रेणुका नावाची मुलगी आली. बेळगावकडची. घरी कानडी, थोडं मराठी. तीन आठवडे तिच्या तोंडातून शब्द आला नाही. दाराजवळ बसायची, पाटी छातीशी धरून. बाई तेव्हा नुकत्याच कसल्याशा ट्रेनिंगला तीन दिवस जाऊन आल्या होत्या. मुलांची भीड मोडायची कशी त्याचे कागद मिळाले होते. त्यांनी ते सगळे प्रामाणिकपणे करून पाहिले. चेंडू फेकायचा, ज्याच्याकडे जाईल त्यानं नाव आणि आवड सांगायची. चेंडू रेणुकाच्या खांद्याला लागून खाली पडला आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं पण नाही. मग छातीवर कागद लावून त्यावर चित्र काढायचं. तिनं कोरा कागद लावला. मग प्राण्यांचे आवाज. कोणी मांजर, कोणी कावळा, रेणुकाच्या वाट्याला बेडूक आला. सगळा वर्ग तिच्याभोवती गोल करून, "ओरड, ओरड"... आणि ती जागच्या जागी मुतली.

फरशी मी पुसली. मुलाला लाज वाटते म्हणून त्याला बेडूक करायचं, हे ज्यानं शोधून काढलं त्याला एकदा कचेरीत सगळ्या साहेबांच्या मधोमध बेडूक करायला हवं होतं. शाळा सुटल्यावर बाईंनी ते कागद माझ्या हातात दिले.

"चुलीत घाल."

"सरकारी आसत मगे, बाई."

"सरकारी कागद चांगले पेटतात."

मग त्या बाकावर बसल्या. चष्मा काढला आणि मला विचारलं, "शेवंती, तुझं माहेर पेडण्याला ना? इथे नवीन आलीस तेव्हा तुझी भीड कशी मोडली?"

कोणी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मोडूक कोण बसलोय? सासूनं झाडू दिला हातात." त्या चष्मा पुसत बसल्या. अशा बसून माणसाकडून बोलणं काढून घ्यायची त्यांना सवय होती. मग मला आठवलं ते मी सांगितलं. लग्न होऊन आले तेव्हा मी सतरा वर्षांची. कोणी ओळखीचं नाही, भाषेची ढब वेगळी, तोंड उघडलं की जावा नक्कल करायच्या. पौषात मांडावर, म्हणजे वाड्यावरच्या देवीच्या अंगणात, धालो सुरू झाले. बायकांच्या दोन ओळी समोरासमोर, प्रत्येकीचा हात शेजारणीच्या कमरेमागून, गाणं म्हणत पुढे यायचं, वाकायचं, मागे जायचं. मला इथली गाणी येत नव्हती. एका म्हातारीनं मला ओढून ओळीच्या मध्ये घातलं आणि म्हणाली, तोंड हलव, पाय आपोआप हलतील. दोन्ही बाजूंनी हात असले की माणूस पडत नाही आणि चुकला तरी दिसत नाही. पाचव्या दिवशी मी मोठ्यानं गात होते. ती गाणी कुठून तोंडात आली ते मला सांगता येणार नाही.

बाई उठल्या. "दाखव."

"हय? शाळेत?"

"मग काय कचेरीत?"

मी दाखवलं. रिकाम्या वर्गात मी आणि त्या, कमरेमागून हात घालून, फळ्यापर्यंत पुढे आणि बाकांपर्यंत मागे. त्यांचा ताल भयंकर होता. मी त्यांना पायावर पाय दिल्याबद्दल दोनदा बोलले, आणि त्यांनी ऐकून घेतलं. मांड हा देवीचा असतो, तिथे आम्ही दिवा लावून नारळ ठेवतो, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिवा, नारळ, गाणी मांडावरच राहू देत. मला फक्त ओळ दे." मी हो म्हटलं. हा शब्द नीट वाचा. मी हो म्हटलं.

पुढचं डोकं बाईंचं. त्यांनी मुलांच्या दोन ओळी केल्या आणि टोकाला स्वतः उभ्या राहिल्या. एक ओळ पुढे येऊन, वाकून, एका सुरात प्रश्न विचारायची आणि मागे जायची. समोरच्या ओळीत ज्याची पाळी असेल त्यानं उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही. शेजाऱ्याच्या कानात सांगायचं. त्यानं पुढच्याच्या कानात. एका टोकाला जाऊन तसंच परत दुसऱ्या टोकापर्यंत पोचलं की सगळ्या ओळीनं पुढे येऊन ते एका आवाजात सांगायचं. कुजबुज चालू असताना समोरच्यांनी पाठ फिरवायची, म्हणून उत्तर कोणाचं ते त्यांना कळत नसे. नाव, बाप, वाडा हे प्रश्न बंद. प्रश्न असायचे, सकाळी पहिलं काय पाहिलं? तुमच्याकडे जेवताना कोण बोलतं? पहिल्या दिवशी एका ओळीनं ओरडून सांगितलं, "आमचा बाबा जेवताना कुत्र्याशी बोलतो." सगळी शाळा हसली आणि कोणाच्याच बाबाची इज्जत गेली नाही. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढचा."

रेणुकाला त्यांनी मधोमध उभं केलं. एका बाजूला सानिका, भाटकारांची नात. मुद्दाम केलं का, मी विचारलं नाही. पहिले काही दिवस रेणुकाची पाळी आली की ती सानिकाच्या कानाशी तोंड न्यायची आणि नुसता श्वास सोडायची. सानिका पण हुशार. ती आपल्या मनानं काहीतरी पुढे सरकवायची. "मी पेज खाल्ली." "मी मांजर पाहिलं." असं आठवडाभर चाललं. एक दिवस बाईंचा प्रश्न होता, रात्री निजण्याआधी तुमच्या घरात शेवटचं काम कोणतं? कोणाकडे कोंबड्या डालायच्या, कोणाकडे आजीला गोळी द्यायची. रेणुकाची पाळी आली. तिनं सानिकाच्या कानात तोंड घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. सानिका वळून तिच्याकडे बघत राहिली. मग पुढच्याच्या कानात, त्याच्या पुढच्याच्या... ओळ पुढे आली, वाकली, आणि चौदा मुलांनी एका आवाजात सांगितलं, "आई पत्रा आडवा लावते. आमच्या खोलीला दार नाही."

मी घागर घेऊन खिडकीजवळ उभी होते. समोरची ओळ काही हसली नाही. बाई म्हणाल्या, "पुढचा." त्या दिवशी दुपारी रेणुकानं माझ्याकडे येऊन पाणी मागितलं. तोंडानं मागितलं.

सानिका घरी गेली आणि तिनं विचारलं. मी विहिरीवर होते, समोरचं सगळं ऐकू येतं. "आजो, आपण त्यांच्या खोलयेक दार कित्याक नाय दिला?"  भाटकारांचा रेडिओ मोठा झाला.

तिसऱ्या दिवशी शाळेत सभा. भाटकार, देवळाचे दोघे, काही पालक. दाराचा शब्द कोणी काढला नाही. सगळे मांडाबद्दल बोलले. देवीचे धालो भर पावसाळ्यात, चपला घालून, दिव्याशिवाय, आणि कोण कोणाच्या कमरेत हात घालून उभं. त्याच आठवड्यात एकाची म्हैस मेली होती, तिचाही दोष बाईंवर आला. म्हैस आधीपासून आजारी होती, मालकाला ठाऊक होतं, मालक तिथेच मान हलवत बसला होता. मी इतकी वर्षं मांडावर उभी राहिले आहे. देवीचा कोप कसा बोलतो आणि माणसाचा राग देवीचा मुखवटा लावून कसा बोलतो, हे मला कळतं. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. कोणीतरी म्हणालं, बाई परक्या, त्यांना मांड काय माहीत. हो खेळ त्यांका गावातल्याच कोणीतरी शिकयलो. नाव कळूक जाय.

भाटकारांनी दाराकडे पाहिलं. दारात मी होते, पाण्याची तांब्या-भांडी घेऊन.

"शेवंती, तू मांडावरची जाणती. तू शिकयलंस?"

त्यांचा आवाज गोड होता. मला माझं घर दिसलं. छप्पर नुकतंच शाकारलं होतं, मुलाचं लग्न ठरत होतं.

"नाय बाब," मी म्हटलं.

बाई माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्या फळ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मीच केलं. पुस्तकात वाचलं होतं." कुठल्या पुस्तकात, असं एकानंही विचारलं नाही. मी पाणी फिरवलं. सगळ्यांनी प्यायलं. एक थेंब सांडला नाही. सांडला असता तर आज मला जरा बरं वाटलं असतं.

चतुर्थीच्या सुट्टीत बाईंची बदली झाली. पेडणे तालुक्यात, दूरच्या शाळेत. रेणुकाच्या बापाला भाटकारांनी खोली सोडायला सांगितली. आठ दिवसांत ते कुठे गेले, कोणालाच ठाऊक नाही. नंतर त्या खोलीला दार बसलं. फणसाचं, चांगलं, वर कडीसकट. नवीन भाडेकरूसाठी. मी त्या वाटेनं जायचं सोडलं.

जायच्या दिवशी बाई शाळेत वस्तू न्यायला आल्या. मी मागच्या बाजूला उगाच राख उकरत बसले होते. त्या तिथे आल्या. मी म्हटलं, "मी मुंडकार, बाई." त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला." बस. रागावल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या आणि आमचं भांडण तिथे संपलं असतं. त्यानंतर एकदाच दिसल्या, डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात. लाल भाजी बघत होत्या, केस पांढरे झाले होते. मी मासळीवाल्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, त्या जाईपर्यंत. बांगड्यावर माश्या बसत होत्या आणि मी त्या बघत होते... त्या वासात मला माझाच वास येत होता.

आता ती शोकसभा. आयतवारी मी गेले. त्याच वर्गात होती. पटावर आता मुलं बोटांवर मोजता येतील इतकीच, गावच्या लोकांनी आपली मुलं इंग्रजीत घातली. शाळा उरली ती पत्र्याच्या खोल्यांतल्या मुलांवर. फोटोला हार, समोर खुर्च्या गोल मांडलेल्या. पणजीचा तो माणूस तरुण, दाढी कोरलेली. म्हणाला, आपण सगळे जरा अवघडलेले आहोत, तर सुरुवातीला आईसब्रेकर करू या. मी शेजारच्याला विचारलं काय ते. तो म्हणाला, "बर्फ फोडतात गो, मावशे." आमच्याकडे बर्फ मासळीवर घालतात, ती कुजू नये म्हणून. त्यानं पिशवीतून पिवळा चेंडू काढला. ज्याच्याकडे येईल त्यानं बाईंचा एक गुण सांगायचा आणि दुसऱ्याकडे फेकायचा. फोटोतल्या बाई बघत होत्या. साठी-सत्तरीची माणसं चेंडू झेलत होती. प्रेमळ. फेक. कष्टाळू. फेक. एकाच्या हातून सुटला तो हारापाशी जाऊन थांबला आणि लोक हसले.

चेंडू भाटकारांकडे गेला. ते आता थकले आहेत, काठी धरून बसतात. त्यांनी चेंडू मांडीवर ठेवला आणि सावकाश बोलले. विजयाबाईंनी आमचे धालो शाळेत आणले, आपल्या संस्कृतीचा मान राखला, आजचे शिक्षक असं करतील तर किती बरं. डोळे पुसले. मुद्दाम नाही. खरोखर ओले होते. मला सगळ्यात जास्त किळस त्याची आली. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं माहीत असतं. ते खरं विसरले होते, आणि विसरून सुखी होते. पणजीवाला म्हणाला, वा, किती सुंदर. आणि भाटकारांनी चेंडू माझ्याकडे टाकला.

मी उठले. चेंडू खाली ठेवला. "धालो बाईंनी आणूक नाय," मी म्हटलं. "मी शिकयले. ह्याच वर्गात. तुम्ही विचारलात तेव्हा मी नाय म्हटलं, कारण माझं घर तुमच्या जमनीत. आणि तुम्ही विचारलात ते मांडासाठी नाय, दारासाठी."

 मला वाटलं आता काहीतरी होईल. भाटकार माझ्याकडे बघत म्हणाले, "खयचा दार?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. देवळाचा एकजण म्हणाला, "आता कित्याक गो ता सगळा, गेली ती बाय." सचिव उठला आणि म्हणाला, "चला, चा थंड होता." लोक उठले. पणजीवाल्यानं वाकून चेंडू उचलला, रुमालानं पुसला आणि पिशवीत घातला. इतकी वर्षं मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं. घर पण कोणी मागितलं नाही. सामोसे घेत घेत एकीनं मला विचारलं, सोलं यंदा कशी झाली.

दुसऱ्या दिवशी मी म्हापशाला बस बदलून पेडण्याला गेले. बाईंच्या धाकट्या बहिणीकडे, कुंदाताईकडे. बाई शेवटपर्यंत तिच्याजवळ होत्या. मी ओट्यावर उभ्यानंच सांगितलं, मी कोण आणि मी काय केलं. 

"तू ती शेवंती होय," कुंदाताई म्हणाली. "आत ये. ऊन आहे."

"तुमका सांगितलेलं त्यांनी?"

"सभेत तू नाय म्हणालीस ते नाही सांगितलं. ते आज तुझ्या तोंडून कळतंय." मग तिनं मला जे सांगितलं ते मी आहे तसं लिहिते. पेडण्याच्या शाळेत बाईंनी ओळींचा खेळ एकदाही घेतला नाही. निवृत्त होईपर्यंत. मुलं उभी राहायची, नाव सांगायची, बसायची. बुजरी मुलं तशीच राहायची. बाई अशा मुलांना संध्याकाळी घरी बोलवायच्या, एकेकाला, अर्धा अर्धा तास, आणि दमून जायच्या. कुंदाताईनं एकदा विचारलं होतं, तो तुझा डिचोलीचा खेळ का घेत नाहीस? बाई म्हणाल्या होत्या, "तो माझा नाही. डिचोलीच्या शेवंतीचा आहे. तिचा हो होता, मग नव्हता. तिच्या हो शिवाय कसा घेऊ?"

हे त्या मान ठेवून बोलल्या की टोचून, मला अजून ठरवता येत नाही. कुंदाताई म्हणाली, मान ठेवून. ती चांगली बाई आहे, ती असंच म्हणणार. मला त्या शाळेतली मुलं दिसतात. दर जून महिन्यात उभी राहून, तोंड उघडं, शब्द नाही. किती जून झाले ते मोजायला मला नको वाटतं. मी एक शब्द बोलले होते, तो घराच्या छपरासाठी होता. तो इतका लांब पोचेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी तोच बोलले असते बहुतेक. हेही लिहून ठेवते.

कुंदाताईनं मला बाईंच्या खोलीत नेलं नाही आणि मी मागितलं नाही. कुणाची खुर्ची-चष्मा बघून उसासे टाकायला मी गेले नव्हते. त्या मला दिसतात त्या आमच्या वर्गात, पाय चुकत, फळ्यापर्यंत पुढे आणि बाकांपर्यंत मागे. म्हणून त्यांचं जे काही माझ्याकडे आहे ते मी इथे ठेवते. माझा हो आहे. मांडावरचं मांडावर राहू दे, तिथलं कोणी उचलू नये. ओळ ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी, कुठल्याही शाळेत, कुठल्याही महिन्यात. कोणी विचारलं की कोणी शिकवलं, तर माझं नाव सांगावं.

दोन ओळी समोरासमोर कराव्या. हात कमरेमागून. नाव, बाप, गाव विचारू नये. उत्तर कानात द्यायचं, सगळ्यांनी मिळून बोलायचं. काही जड निघालं तर मास्तरांनी गहिवरू नये, पुढचा म्हणावं. बुजरं मूल मध्ये घालावं. टोकाला स्वतः उभं राहावं, बाई राहायच्या तसं. टोकाच्या माणसाचा एक हात रिकामा राहतो. ती जागा मुलाला देऊ नये.